छंद-इलेक्ट्रॉनिक्ससाठी उच्च क्षमतेचा समायोज्य व्होल्टता नियामक : संकल्पन, उष्णता आणि सुरक्षितता

सारांश

पदवी पातळीवरील प्रकल्पकार्यात आणि छंद म्हणून केल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये समायोज्य वीजपुरवठा हे पहिले आणि सर्वाधिक वापरले जाणारे उपकरण होय. एलएम३१७ या त्रि-अग्र नियामकास बाहेरून ट्रान्झिस्टर जोडून अधिक प्रवाह मिळविण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. तथापि, असे करताना नियामकाचे अंगभूत संरक्षण बाह्य ट्रान्झिस्टरांना आपोआप लाभत नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात १.२५ ते २० व्होल्ट आणि ५ अँपिअर क्षमतेच्या नियामकाचे संकल्पन नाशिक परिसरातील वीजदाबाचे चढउतार व उन्हाळी तापमान विचारात घेऊन टप्प्याटप्प्याने स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : व्होल्टता नियामक, पास ट्रान्झिस्टर, उष्णतारोध, प्रवाह मर्यादा, प्रयोगशाळा सुरक्षितता

१. प्रस्तावना

नाशिक शहरास विज्ञानशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. एचपीटी कला व आरवायके विज्ञान महाविद्यालयाची स्थापना १९२४ मधील. पुढे सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर व संधारित्रे यांसारख्या विद्युत सामग्रीचे कारखाने उभे राहिले आणि इलेक्ट्रॉनिक्स व विद्युत विषयांच्या शिक्षणास स्थानिक उद्योगाची जोड मिळाली. विज्ञान, अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन या तिन्ही प्रवाहांतील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून वीजपुरवठा संच तयार करतात. तयार झालेले संच पुष्कळदा विभागातच राहतात आणि पुढील तुकड्यांच्या हाती जातात.

या अखेरच्या बाबीमुळे विषयाला गांभीर्य येते. एखादा विद्यार्थी स्वतःच्या टेबलावर जो संच वापरतो, त्याच्या उणिवा त्याला ठाऊक असतात. तोच संच प्रयोगशाळेत आला की त्याचा वापरकर्ता बदलतो. दर्शनी पट्टीवर '० ते २० व्होल्ट, ५ अँपिअर' असे लिहिलेले असेल तर नवा विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवतो. पाच व्होल्टवर पाच अँपिअर घेताना आतील ट्रान्झिस्टर निकामी झाला, तर त्याच्या मंडलावर पाचऐवजी पस्तीस-चाळीस व्होल्ट येतात आणि सत्रभराचे काम क्षणात नष्ट होते. असे संच बहुधा आकृती चुकीची असल्याने बिघडत नाहीत. आकृतीसोबत करावयाचे गणित केलेले नसते, म्हणून ते बिघडतात. ते गणित मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. त्रि-अग्र नियामकाचे तत्त्व

१९७० च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांनी एलएम३१७ या नियामकाचे संकल्पन केले. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली. मात्र हा नियामक आजही उत्पादनात आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे. प्रदान अग्र आणि समायोजन अग्र यांच्यामध्ये तो नेहमी १.२५ व्होल्ट इतका फरक राखतो. या दोन अग्रांमध्ये र१ हा रोधक आणि समायोजन अग्र व ऋण तार यांच्यामध्ये र२ हा बदलता रोधक जोडला, तर

प्रदान व्होल्टता = १.२५ × (१ + र२ ÷ र१) + (समायोजन प्रवाह × र२)

समायोजन प्रवाह साधारण ५० मायक्रोअँपिअर असल्याने शेवटचे पद लहान राहते. र१ ची निवड मात्र केवळ गुणोत्तरासाठी नसते. नियमन टिकण्यासाठी एलएम३१७ मधून किमान प्रवाह वाहणे आवश्यक असते आणि त्याची कमाल विनिर्दिष्ट किंमत १० मिलिअँपिअर आहे. र१ = १२० ओहम घेतल्यास १०.४ मिलिअँपिअर प्रवाह भार नसतानाही वाहतो. अनेक आकृत्यांत दिसणारा २४० ओहमचा रोधक मुळात एलएम११७ या अधिक काटेकोर प्रकारासाठी आहे. तो एलएम३१७ ला लावल्यास भाररहित स्थितीत प्रदान व्होल्टता वर सरकण्याची शक्यता राहते.

२० व्होल्टसाठी र२ सुमारे १.८ किलोओहम लागतो. बाजारात २ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर सहज मिळतो. त्यास १८ किलोओहमचा रोधक समांतर जोडल्यास परिणामी रोध बरोबर १.८ किलोओहम होतो आणि वरची मर्यादा २० व्होल्टवर थांबते. पोटेन्शिओमीटरची सरकती पट्टी समायोजन अग्राकडील टोकाशी जोडून ठेवावी. पट्टीचा संपर्क तुटला तरी संपूर्ण पट्ट्याचा रोध मंडलात राहतो आणि व्होल्टता २० च्या वर जात नाही.

एलएम३१७ च्या मर्यादा तीन आहेत : प्रवाह १.५ अँपिअर, आदान व प्रदान यांतील फरक ४० व्होल्ट आणि अंतर्भागाचे तापमान १२५ अंश सेल्सिअस. पुढील सर्व संकल्पन या तीन मर्यादांभोवती फिरते.

३. वीजदाबाचे चढउतार आणि रोहित्राची निवड

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र नाशिकपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही वीजकेंद्राची जवळीक आणि भिंतीवरील सॉकेटमधील दाबाची स्थिरता यांचा थेट संबंध नाही. दाब ठरतो तो वितरण वाहिनीची लांबी आणि त्या क्षणीचा भार यांवरून. निफाड, दिंडोरी, सिन्नर यांसारख्या तालुक्यांत शेतीपंप सुरू असताना वाहिनीच्या टोकाकडील दाब घसरतो. पंप बंद झाले की तो चढतो. म्हणून २३० व्होल्ट या नाममात्र दाबाभोवती १० टक्के कमी-अधिक, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट, ही कक्षा गृहीत धरणे योग्य ठरते. संकल्पनातील एक प्रश्न खालच्या टोकाशी सोडवावा लागतो व दुसरा वरच्या टोकाशी.

खालच्या टोकाचा प्रश्न असा : २०७ व्होल्टवर पूर्ण भार असतानाही २० व्होल्ट स्थिर मिळतील काय? नियामकासाठी सुमारे २ व्होल्ट, पास ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर संधीसाठी ०.९, एमिटर रोधकासाठी ०.३ आणि प्रवाहमापक रोधकासाठी ०.६ असे मिळून जवळपास ४ व्होल्ट वर असणे आवश्यक आहे. म्हणजे धारित्रावरील व्होल्टता तरंगाच्या तळाशीही २४ च्या खाली जाता कामा नये.

पूर्ण तरंग एकदिशीकरणात धारित्र साधारण १० मिलिसेकंद एकट्याने भार वाहते, असे सावधपणे धरल्यास

तरंग व्होल्टता = प्रवाह × काळ ÷ धारिता = ५ × ०.०१ ÷ ०.०२ = २.५ व्होल्ट

येथे १०,००० मायक्रोफॅरडची दोन धारित्रे समांतर धरली आहेत. २४ व्होल्टच्या रोहित्राचा दाब २०७ व्होल्टवर २१.६ व्होल्ट होतो. त्याचे शिखरमूल्य ३०.५, त्यातून ब्रिजमधील दोन डायोडांचे २ व्होल्ट आणि तरंगाचे २.५ व्होल्ट वजा जाता २६ व्होल्ट उरतात. २४ ची गरज असल्याने २ व्होल्टची शिल्लक राहते.

वरच्या टोकाचा प्रश्न याच्या उलट आहे. दाब २५३ व्होल्ट असताना आणि भार नसताना धारित्रावर किती व्होल्ट चढतील? भाररहित रोहित्राचा दाब नाममात्र दाबापेक्षा सुमारे ८ टक्के अधिक धरल्यास दुय्यम गुंडाळीवर २८.५ व्होल्ट येतात. शिखरमूल्य ४०.३ आणि डायोडांनंतर ३८.९ व्होल्ट. प्रदान १.२५ व्होल्टवर असेल तर फरक ३७.७ व्होल्ट, म्हणजे ४० च्या मर्यादेच्या थोडा आत. २५ व्होल्टचे प्रदान हवे म्हणून २७ व्होल्टचे रोहित्र घेतले असते, तर हेच उत्तर ४२ च्या पुढे गेले असते आणि एखाद्या रात्री दाब चढताच नियामक निकामी झाला असता. प्रदानाची कमाल २० व्होल्ट ठरविण्याचे कारण हे आहे.

रोहित्राच्या प्रवाहक्षमतेबाबतही एक गैरसमज आढळतो. ५ अँपिअर हवे म्हणून ५ अँपिअरचे रोहित्र घेतले जाते. धारित्र केवळ शिखरांजवळ प्रभारित होत असल्याने गुंडाळीतील प्रवाहाचे वर्गमध्यमूळ मूल्य एकदिश प्रवाहाच्या १.६ ते १.८ पट असते. त्यामुळे ५ अँपिअरसाठी ८ ते ९ अँपिअरची गुंडाळी आणि सुमारे २२५ व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र लागते. याच कारणाने दोन धारित्रांपैकी प्रत्येकातून सुमारे साडेतीन अँपिअर तरंगप्रवाह वाहतो. धारित्रे ६३ व्होल्ट, १०५ अंश प्रतीची घेणे श्रेयस्कर होय.

४. प्रवाहवर्धन : पास ट्रान्झिस्टरांची जोडणी

एलएम३१७ च्या आदान अग्राशी २२ ओहमचा रोधक मालिकेत ठेवला जातो. भार वाढला की या रोधकावरील व्होल्टता वाढते आणि ती पीएनपी ट्रान्झिस्टरांच्या बेस-एमिटर संधीला चालना देते. ट्रान्झिस्टरांचे कलेक्टर थेट प्रदानास जोडलेले असल्याने बहुतांश प्रवाह त्यांतून जातो. एलएम३१७ कडे नियमनाचे काम आणि लहानसा प्रवाह एवढेच उरते.

यासाठी एमजे२९५५ हा धातूच्या टीओ-३ कवचातील ट्रान्झिस्टर सोयीचा आहे. १९६० च्या दशकात आरसीए कंपनीने आणलेल्या २एन३०५५ चा हा पूरक जोडीदार असून तो १५ अँपिअर, ६० व्होल्ट व ११५ वॅट क्षमतेचा आहे. '१५ अँपिअरचा ट्रान्झिस्टर ५ अँपिअर सहज वाहील' असा निष्कर्ष येथे स्वाभाविकपणे काढला जातो आणि संकल्पनातील मुख्य चूक याच वाक्यात दडलेली आहे. ट्रान्झिस्टरची १५ अँपिअर, ६० व्होल्ट व ११५ वॅट ही तीन मूल्ये एकाच वेळी उपलब्ध नसतात. शिवाय ११५ वॅट हे मूल्य कवचाचे तापमान २५ अंश असतानाचे आहे. त्यानंतर प्रत्येक अंशास ०.६५७ वॅट कमी होत जातात.

५. उष्णतेचे गणित

रैखिक नियामकात अतिरिक्त व्होल्टता उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दाब २५३ व्होल्ट असताना ५ अँपिअर भारावर धारित्रावरील सरासरी व्होल्टता ३४.१ येते. त्यावरून निरनिराळ्या प्रदानांवरील एकूण उष्णता पुढीलप्रमाणे निघते.

तक्ता १ : ५ अँपिअर भारावरील उष्णता (दाब २५३ व्होल्ट, रोहित्र २४ व्होल्ट)

| प्रदान (व्होल्ट) | भाराला मिळणारी शक्ती (वॅट) | उष्णता (वॅट) |
|---|---|---|
| २० | १०० | ७० |
| १२ | ६० | ११० |
| ५ | २५ | १४५ |
| १.२५ | ६ | १६४ |

तक्त्यावरून दिसते की व्होल्टता जितकी कमी, तितका संचावरील ताण अधिक. नवशिक्या वापरकर्त्याची समजूत नेमकी याविरुद्ध असते. पाच व्होल्टवर काम करणे त्याला सौम्य वाटते. प्रत्यक्षात तेथे भाराला २५ वॅट देण्यासाठी संच १४५ वॅट जाळतो. एकच एमजे२९५५ वापरल्यास २५ अंशांवरील त्याची ११५ वॅटची मर्यादाही ओलांडली जाते. म्हणून येथे चार ट्रान्झिस्टर योजले आहेत.

नियामक व रोधक यांवरील वाटा वजा करता प्रत्येक ट्रान्झिस्टरवर सुमारे ३४ वॅट येतात. संधी ते कवच १.५२ आणि कवच ते हीट सिंक सुमारे ०.१५ असा एकूण १.७ अंश प्रति वॅट उष्णतारोध धरल्यास संधीचे तापमान हीट सिंकपेक्षा ५८ अंशांनी अधिक राहते. हीट सिंक ८० अंशांवर असेल तर संधी १३८ अंशांवर असेल. एमजे२९५५ ची मर्यादा २०० अंश असल्याने हे अंतर पुरेसे आहे. ८० अंश कवच-तापमानास प्रत्येक ट्रान्झिस्टरची अनुज्ञेय शक्ती ७९ वॅट उरते, ही बाबही समाधानकारक आहे.

आता हीट सिंकचा प्रश्न. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंशांच्या घरात जाते. बंद प्रयोगशाळेत संचाच्या भोवतालची हवा ४५ अंश धरणे भाग आहे. ८० आणि ४५ यांतील ३५ अंशांच्या फरकात १४५ वॅट वाहून नेण्यासाठी हीट सिंकचा उष्णतारोध ०.२४ अंश प्रति वॅट इतका कमी लागतो. केवळ नैसर्गिक अभिसरणाने हे साधण्यासाठी हीट सिंक अवाढव्य होईल. पंख्याने हा रोध निम्म्याहूनही कमी करता येतो. त्यामुळे या क्षमतेच्या संचात पंखा ऐच्छिक राहत नाही. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा २५ अंश भोवताल धरून सोडविलेली असतात. त्या आकड्यांनुसार जानेवारीत उत्तम चालणारा संच मे महिन्यात निकामी झाला, तर त्यात नवल नाही.

एलएम३१७ चे गणितही स्वतंत्रपणे तपासावे लागते. एमजे२९५५ ची प्रवाहप्राप्ती ४ अँपिअरवर २० ते ७० अशी विस्तृत कक्षेत असते. प्राप्ती ४० असल्यास बेसप्रवाह १२५ आणि २२ ओहमच्या रोधकातील ८० मिळून नियामकातून २०५ मिलिअँपिअर वाहतात व त्यावर सुमारे ६ वॅट पडतात. ८० अंशांच्या हीट सिंकवर त्याचा अंतर्भाग ११२ अंशांवर राहतो. प्राप्ती २० असल्यास ९ वॅट होतात आणि अंतर्भाग १२५ ची मर्यादा ओलांडतो. म्हणून ट्रान्झिस्टरांची प्राप्ती मोजून ४० च्या वरचेच निवडणे हा संकल्पनाचा भाग समजावा.

उष्णता कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय रोहित्रातच आहे. दुय्यम गुंडाळीस १२ आणि १८ व्होल्टचे टॅप घेऊन फिरत्या स्विचने निवड केल्यास ६.५ व्होल्टपर्यंत १२ चा, १४ पर्यंत १८ चा आणि त्यापुढे २४ चा टॅप पुरतो. तेव्हा कमाल उष्णता १६४ वरून १०० वॅटवर येते आणि ५ व्होल्टवरील उष्णता १४५ वरून ५२ वॅटवर उतरते. मात्र चुकीचा टॅप निवडला जाण्याची शक्यता गृहीत धरून हीट सिंकचे माप १४५ वॅटनुसारच ठेवावे.

६. प्रवाहाची समान वाटणी

चार ट्रान्झिस्टर समांतर जोडले म्हणजे प्रवाह आपोआप चार ठिकाणी समान विभागला जातो असे नाही. तापमान एक अंशाने वाढले की बेस-एमिटर व्होल्टता सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. जो ट्रान्झिस्टर थोडा अधिक तापतो, तो अधिक प्रवाह ओढतो आणि त्यामुळे आणखी तापतो. हे दुष्टचक्र रोखण्यासाठी प्रत्येक एमिटरमध्ये ०.२२ ओहम, २ वॅटचा रोधक घालावा. १.२५ अँपिअरवर त्याचे ०.२७५ व्होल्ट होतात. दोन ट्रान्झिस्टरांच्या व्होल्टतेत ५० मिलिव्होल्टचा फरक असला, तरी प्रवाहातील तफावत पाव अँपिअरच्या आत राहते. हे रोधक वगळल्यास संच काही काळ चालतो. पुढे एक ट्रान्झिस्टर जातो आणि त्यामागोमाग उरलेले तीनही.

७. संरक्षण : गृहीत धरलेले आणि प्रत्यक्षातले

एलएम३१७ मध्ये प्रवाहमर्यादा व तापमानसंरक्षण अंगभूत आहे. त्याची ख्याती त्यावरच उभी आहे. परंतु पास ट्रान्झिस्टर जोडल्यानंतर प्रवाहाचा मोठा भाग नियामकाबाहेरून जातो. प्रदान अग्रे एकमेकांना चिकटली, तर एलएम३१७ स्वतःस वाचविण्याचा प्रयत्न करील. ट्रान्झिस्टर मात्र त्याच्या मर्यादाप्रवाहाच्या प्राप्तीपट प्रवाह वाहू लागतील. म्हणून स्वतंत्र प्रवाहमर्यादा अनिवार्य आहे.

त्यासाठी धारित्र आणि एमिटर रोधकांचा समाईक बिंदू यांच्यामध्ये ०.१२ ओहम, ५ वॅटचा तारगुंडाळीचा रोधक ठेवला जातो. ५ अँपिअरवर त्याचे ०.६ व्होल्ट होतात आणि एक मर्यादक पीएनपी ट्रान्झिस्टर वाहू लागतो. तो पास ट्रान्झिस्टरांची बेस-चालना स्वतःकडे वळवून त्यांचा प्रवाह रोखतो. वळविलेला हा प्रवाह एलएम३१७ मधूनच जातो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अतिभाराच्या क्षणी नियामक स्वतःच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे दीड-दोन अँपिअरपर्यंत, प्रवाह मागू शकतो आणि तो सर्व मर्यादक ट्रान्झिस्टरने पुरवावा लागतो. त्यामुळे तेथे लहान संकेत-ट्रान्झिस्टर चालत नाही. टीआयपी४२ सारखा शक्ती-ट्रान्झिस्टर लहान हीट सिंकसह लावावा.

एमजे२९५५ चे कवच कलेक्टरशी आणि एलएम३१७ ची पाठपट्टी प्रदानाशी जोडलेली असते. या मंडलात कलेक्टर व प्रदान एकच बिंदू असल्याने पाचही घटक अभ्रकाशिवाय एकाच हीट सिंकवर बसविता येतात. याचे दोन लाभ आहेत. अभ्रकाचा उष्णतारोध वाचतो. तसेच हीट सिंक प्रमाणाबाहेर तापल्यास एलएम३१७ चे तापमानसंरक्षण लवकर जागृत होऊन चारही ट्रान्झिस्टरांची चालना थांबते. अट एकच : हीट सिंक धातूच्या पेटीपासून नायलॉनच्या आधारांनी पूर्णपणे विलग असावा, अन्यथा प्रदानाचा भूमीशी संपर्क होईल. या संरक्षणावर विसंबून न राहता हीट सिंकवर ८० अंशांचा तापमान-स्विच बसवून तो रोहित्राच्या प्राथमिक बाजूस जोडावा. २४ च्या टॅपवर १.२५ व्होल्ट घेण्यासारखी अविचारी स्थिती उद्भवल्यास हा स्विच संच बंद करतो.

ट्रान्झिस्टर निकामी होताना बहुधा कलेक्टर व एमिटर एकमेकांना जोडले जातात आणि धारित्रावरील सर्व व्होल्टता प्रदानावर येते. यावर उपाय म्हणजे धारित्रानंतर ८ अँपिअरचा फ्यूज आणि प्रदानावर २२ व्होल्टला वाहू लागणारा १६ अँपिअरचा एससीआर. व्होल्टता मर्यादेबाहेर जाताच एससीआर प्रदान अग्रे जोडतो व फ्यूज वितळतो. ५ व्होल्टच्या मंडलांना ही मर्यादा पुरेशी नाही, त्यांच्यासाठी ६.२ व्होल्टवर चालणारे असेच मंडल प्रकल्पाच्या फलकावर स्वतंत्रपणे ठेवणे हिताचे.

प्राथमिक बाजूस २ अँपिअरचा मंदगती फ्यूज, दुहेरी ध्रुवाचा स्विच आणि पेटीस जोडलेली तिसरी, भूमीची तार असावी. धारित्रांत कमाल दाबावर सुमारे १५ ज्यूल ऊर्जा साठते. ती स्विच बंद केल्यावर हळूहळू निघून जावी म्हणून २.२ किलोओहम, २ वॅटचा रोधक कायम समांतर ठेवावा.

८. मांडणी आणि तरंगनिवारण

समायोजन अग्राशी १० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडल्यास तरंगनिवारण सुमारे ६५ वरून ८० डेसिबलपर्यंत सुधारते. आदानावरील २.५ व्होल्टचा तरंग पहिल्या स्थितीत प्रदानावर १.४ मिलिव्होल्ट, तर दुसऱ्या स्थितीत पाव मिलिव्होल्ट इतका उरतो. या धारित्राची साठवलेली ऊर्जा नियामकातून उलट वाहू नये यासाठी १एन४००२ डायोड समायोजन व प्रदान अग्रांमध्ये, आणि दुसरा प्रदान व आदान अग्रांमध्ये जोडावा.

पाच अँपिअरला तारांचा रोधही नगण्य नसतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १७ मिलिओहम असतो. जाणारी व येणारी अशा दोन तारांवर ५ अँपिअरला ०.१७ व्होल्ट गळतात. म्हणून र१ नियामकाच्या प्रदान अग्राशीच आणि र२ चे खालचे टोक दर्शनी पट्टीवरील ऋण अग्राशी जोडावे. धारित्रांना प्रभारित करणाऱ्या मोठ्या प्रवाहाची तार आणि र२ ची तार एक असता कामा नये. ब्रिजमधील दोन डायोडांवर मिळून १० वॅट पडत असल्याने २५ किंवा ३५ अँपिअरचा ठोकळा-ब्रिज पेटीच्या धातूवर बसवावा.

९. चाचणी

संच प्रथमच चालू करताना प्राथमिक बाजूस १०० वॅटचा दिवा मालिकेत जोडावा. जोडणीत दोष असल्यास दिवा प्रखर होतो आणि घटक वाचतात. त्यानंतर डिमरस्टॅटच्या साहाय्याने २०७, २३० व २५३ व्होल्ट अशा तीन दाबांवर मोजमापे घ्यावीत : २०७ वर २० व्होल्ट, ५ अँपिअरला तरंग ऑसिलोस्कोपवर पाहावा, २५३ वर भाररहित स्थितीत धारित्रावरील व्होल्टता मोजावी, २५३ वरच ५ व्होल्ट, ५ अँपिअर एक तास चालवून हीट सिंकचे तापमान नोंदवावे. एमिटर रोधकांवरील चार व्होल्टता मोजल्यास प्रवाहाची वाटणी लगेच कळते. भार म्हणून वाहनाच्या हेडलॅम्पचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे दिवे उपयोगी पडतात. थंड तंतूचा रोध फार कमी असल्याने ते प्रवाहमर्यादेचीही परीक्षा घेतात. शेवटी प्रदान अग्रे काही सेकंद जोडून प्रवाह मोजावा. ज्या संचाची ही शेवटची चाचणी घेण्याचे धाडस होत नाही, तो संच विद्यार्थ्यांच्या हाती देण्यास योग्य नाही.

१०. रैखिक की स्विचिंग?

एलएम२५९६ सारख्या १५० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या स्विचिंग नियामकांचे तयार फलक आज अल्प किमतीत मिळतात. ५ व्होल्टवर रैखिक संचाची कार्यक्षमता सामान्य दाबाला १६ टक्क्यांच्या आसपास, तर २० व्होल्टवर ६५ टक्के असते. स्विचिंग पद्धतीत ती बहुधा ८० टक्क्यांच्या वर राहते. केवळ मोटारी, दिवे किंवा अंकीय मंडले चालवायची असतील, तर स्विचिंग पर्याय अधिक योग्य होय. संवेदक, ध्वनिवर्धक आणि सूक्ष्म संकेतांची मोजमापे यांसाठी मात्र रैखिक पुरवठ्याची स्वच्छता अजूनही उपयुक्त आहे. दोहोंचा मेळ घालून आधी स्विचिंग नियामकाने व्होल्टता प्रदानापेक्षा चार-पाच व्होल्ट वर आणावी व नंतर रैखिक नियामकाने ती स्वच्छ करावी, हा मार्ग प्रगत प्रकल्पासाठी सुचविता येतो.

११. निष्कर्ष

समायोज्य नियामकाच्या संकल्पनात व्होल्टतेचे सूत्र हा सर्वांत सोपा भाग आहे. कठीण भाग तीन ठिकाणी आहे : दाबाच्या दोन टोकांना सांभाळणारे रोहित्र, उन्हाळ्यातील भोवताल धरून केलेले उष्णतेचे गणित आणि बाह्य ट्रान्झिस्टरांसाठी स्वतंत्रपणे योजलेले संरक्षण. प्रवाहक्षमतेचा आकडा कमाल व्होल्टतेवर सिद्ध न करता किमान व्होल्टतेवर सिद्ध केला पाहिजे. अध्यापनाच्या दृष्टीने या प्रकल्पाचे मूल्यही यातच आहे. ओहमचा नियम, एकदिशीकरण, अर्धवाहकाचे तापमानाशी नाते आणि उष्णतावहन हे अभ्यासक्रमात वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत विखुरलेले विषय येथे एकाच पेटीत येतात. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना चालू संचाबरोबर तक्ता १ प्रमाणे उष्णतेचा हिशेब आणि चाचणीच्या नोंदी मागविल्या, तर विभागात राहणाऱ्या प्रत्येक संचासोबत त्याच्या विश्वासार्हतेचा पुरावाही राहील. दर्शनी पट्टीवर '५ अँपिअर' लिहिताना त्यापुढे कोणत्या टॅपवर आणि किती व्होल्टपर्यंत, एवढेही लिहिले जावे.